एका जिन्याची चार दारं

ते भांडं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यात केळी ठेवली होती. पांढरं, चिनी मातीचं, बाहेरून निळी फुलं आणि एका बाजूला पकडायला कान. सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या तिच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलाच्या अगदी मधोमध तिने ते मांडलं होतं आणि आम्हा तिघींना कौतुकाने दाखवत होती. काय सुंदर व्हिंटेज पीस आहे, सूपसाठी वापरत असतील, असं आपल्याकडे आता बघायलाही मिळायचं नाही. बोलता बोलता तिने त्यातलं एक केळं सोलून खाल्लंसुद्धा.

मग ते ज्यातून आलं त्या शाळेच्या खोक्याच्या तळाशी वस्तूंची यादी सापडली आणि ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. पलंगाखाली ठेवायचं भांडं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जिना उतरून संडासात जायला लागू नये म्हणून. मी वाचून संपवेपर्यंत ती सिंकपाशी पोचली होती. तीनदा साबण लावला, वर सॅनिटायझर चोळलं, चूळ भरली, आणि केळ्यांचा अख्खा घड भिंतीतल्या कचऱ्याच्या शूटमधून खाली सोडला. आम्ही तिघी पोट धरून हसलो. त्या घरात मी मनापासून हसले ते तेवढंच.

हिला मी इथे पुणेकरीण म्हणेन. आमच्या चौघींच्या मुली एकाच वर्गात, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या एका शाळेत होत्या आणि पुंगोलहून एकाच स्कूलबसने जायच्या. एवढ्याच भांडवलावर आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालला होता. पुंगोल तेव्हा कोरं करकरीत होतं. वॉटरवे नावाच्या कालव्याच्या कडेची झाडं अजून काठ्यांना बांधलेली होती आणि लिफ्टमध्ये दर दोन माणसांमागे एक बाबागाडी असायची. अशा ठिकाणी मराठी कानावर पडलं की माणूस आधी हुरळतो आणि माणसं कशी आहेत ते नंतर बघतो.

मुली नऊ वर्षांच्या होत्या. त्या सहामाहीत त्यांना व्हिक्टोरियन काळ शिकायचा होता. वर्गशिक्षिका स्कॉटलंडमधल्या डंडी या गावच्या, पन्नाशीच्या, लालबुंद चेहऱ्याच्या. राजवाडे आणि उमराव शिकवायच्या ऐवजी त्यांनी आपल्या पणजीचं घर शिकवायला घेतलं. घर म्हणजे एक खोली आणि त्यात सात माणसं. भिंतीतल्या कोनाड्यात पलंग, त्यापुढे पडदा. पणजी तागाच्या गिरणीत कामाला, पणजोबा बेकार, म्हणून चूल त्यांच्याकडे. ओट्सची लापशी एकदाच शिजवायची, लाकडी ड्रॉवरमध्ये ओतून थिजू द्यायची आणि पुढे चार दिवस तिच्या वड्या कापून खायच्या. शनिवारी शेकोटीपुढे पत्र्याचा टब. त्यात आधी बाप अंघोळ करणार, मग मुलगे, मग मुली, सगळ्यात शेवटी आई, आणि पाणी सगळ्यांना तेच.

शिक्षिकांनी पालकांच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा आम्ही चौघींनी एकमेकींकडे बघून नाकं मुरडली. तेच पाणी, शी. ड्रॉवरमध्ये लापशी, शी. गोऱ्या लोकांची घाण ऐकताना आम्हाला जे सुख होत होतं ते आमच्या तोंडावर दिसत असणार. मीही त्यात होते, हे सांगितलंच पाहिजे.

सहामाहीच्या शेवटी मुलं हे सगळं पालकांसमोर स्टेजवर करून दाखवणार होती, त्यासाठी वर्गाचे गट पाडले होते. कोणाला स्वयंपाक, कोणाला गिरणी, कोणाला अंघोळ. आमच्या चार मुलींना जिना मिळाला. जिन्याची पद्धत शिक्षिकांनी नीट समजावली होती. एका जिन्यावर चार दारं, चार कुटुंबं आणि वळणावर सगळ्यांत मिळून एक संडास. जिना आणि संडास धुवायचं काम दर आठवड्याला एका घराचं. कोणाची पाळी आहे ते कळावं म्हणून दोरी लावलेली पुठ्ठ्याची एक पाटी त्या घराच्या दाराला अडकवायची. आठवडा संपला की त्या घरच्या बाईने जिना लख्ख करायचा, ओल्या पायऱ्यांच्या कडेने पांढऱ्या मातीच्या खड्याने वेलबुट्टी काढायची आणि पाटी शेजारच्या दाराला अडकवून यायची. त्यातून कोणाची सुटका नव्हती. बाळंतीण असली तरी तिची बहीण नाहीतर सासू येऊन धुऊन जायची. ज्या घराची वेलबुट्टी वाकडी त्या घराला सगळी गल्ली नावं ठेवायची. शिक्षिका हे सांगताना अभिमानाने फुलल्या होत्या.

वेलबुट्टी ऐकल्याबरोबर आमच्या बायका हरखल्या. अगं, ही तर रांगोळीच. बघा, आपली संस्कृती कुठे कुठे पोचली होती. परतीच्या वाटेवर, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, पुणेकरणीने मोबाइलवर ठिपक्यांच्या रांगोळ्या शोधायला सुरुवात केली. संडासाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

तर त्या केळ्यांच्या दुपारी आम्ही तिच्याकडे जमलो होतो ते प्रवेश बसवायला. पोहे झाले, चहा झाला, हसणं झालं. मग तिने लिहून आणलेला कागद काढला. तिची मुलगी पहिल्या पायरीवर रांगोळी काढणार, दुसरीची दुसऱ्या पायरीवर, तिसरीची तिसऱ्या. चौथी, म्हणजे माझी, भांडं घेऊन येणार, संडासात ओतणार, संडास घासणार, जिना पुसणार. पाटी माझ्या मुलीच्या दाराला सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

मी म्हणाले की पाटी फिरते ना. ती म्हणाली, पाच मिनिटांच्या प्रवेशात कुठे फिरवत बसायची, गोंधळ होतो. मग माझ्या हातावर हात ठेवून, अगदी लाडात येऊन म्हणाली, "आणि तू त्याच लाइनमधली ना गं. तुला काही वाटणार नाही."

माझी लाइन म्हणजे सांडपाणी. मी त्यातली इंजिनियर आहे, संशोधन करते. या शहरात गटाराचं पाणी इतकं शुद्ध करतात की ते पुन्हा वापरात येतं, आणि त्या यंत्रणेतल्या एका लहानशा टप्प्यावर माझी सात वर्षं गेली आहेत. रोज सकाळी मैल्याच्या गाळाचे नमुने तपासते आणि दुपारी हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांवर, चवीने जेवते. मला त्या गाळाची किळस वाटत नाही. ओळख झाल्यावर पहिल्याच महिन्यात पुणेकरणीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, आपल्या नळाला ते पाणी येतं का गं, खरं सांग. मी खरं सांगितलं. तेव्हापासून तिच्याकडे देवाच्या तांब्यात बाटलीचं पाणी असतं.

तिच्या बोलण्यात तेवढंच होतं का, हे कोणाला सिद्ध करता येणार नाही, आणि हीच त्यातली खुबी. ओळखीच्या पहिल्या आठवड्यात आडनाव विचारून झालं होतं. आडनावावरून नीट उलगडा होईना तेव्हा गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. गणपतीला बोलावलं तेव्हा दारातच गोड आवाजात म्हणाली, तुमच्यात बसवत नसतील ना, पण तू ये हं, आम्ही असलं काही मानत नाही. आम्ही बौद्ध. मी ते कधी लपवलं नाही, पण उच्चारलंही नव्हतं. तिने माझ्या वतीने ते उच्चारून टाकलं आणि वर मोठेपणाही पदरात पाडून घेतला.

तर ती म्हणाली, तुला काही वाटणार नाही, आणि मी हसले. बाकीच्या दोघी हसल्या म्हणून हसले. म्हणाले, हो गं, आम्हाला काय. हे लिहिताना मला त्या बाईपेक्षा त्या हसण्याची जास्त किळस येते. निघताना तिने ते भांडं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, पिशवीची गाठ दोन बोटांनी धरून माझ्या हातात दिलं. तूच ने, माझ्याकडे देवघर आहे. मी ते घेऊन वॉटरवेच्या कडेने घरी आले. इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर तेव्हा शहरावर बसलेला होता आणि रस्त्यावरचा जो तो नाकावर मास्क लावून चालत होता.

घरी आई होती. माझी आई त्या वर्षी तीन महिन्यांसाठी पहिल्यांदाच परदेशी आली होती. ग्रुपमध्ये मी सांगितलं होतं की आई नगरपालिकेतून रिटायर झाली. हे खरंच होतं. ऐकणारीला वाटावं, टेबलखुर्ची असेल, जन्ममृत्यूचे दाखले देत असेल, तर ते तसं वाटू द्यावं.

आई सफाई कामगार होती. वडील गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि नगरपालिकेने तिला मिळेल ते काम दिलं. आमच्या गावात तेव्हा टोपलीचे संडास होते. घराच्या मागच्या बोळात गुडघ्याएवढ्या उंचीवर पत्र्याची झडप असायची, ती उचलून आतलं बाहेर ओढायचं, बादलीत ओतायचं आणि बादली गाडीपर्यंत न्यायची. बारा वर्षं तिने ते केलं. मग फ्लशचे संडास आले आणि ती गटारं आणि रस्ते झाडायला लागली. आमच्या घराण्यात ते काम पिढीजात नव्हतं, असं मी कॉलेजात एकदोघांना मुद्दाम सांगितलं होतं. म्हणजे ज्यांच्या घराण्यात पिढीजात होतं त्यांच्यापेक्षा मी एक पायरी वर. हीही माझीच घाण आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

शाळेत असताना आई गाडी ढकलत समोरून आली की मी पलीकडच्या दुकानापाशी थांबून पाट्या वाचायचे. तिला ते कळायचं. तीही माझ्याकडे न बघता पुढे जायची, मला अवघड होऊ नये म्हणून.

सिंगापूरला आल्यावर तिला काही अप्रूप वाटलं असेल तर ते स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या शूटचं. झाकण उघडायचं, पिशवी सोडायची, संपलं. दोन दिवस तिने बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन आली. म्हणाली, खाली एक माणूस आहे. बांगलादेशचा. सगळ्या ब्लॉकचं तोच ओढतो. तिने हातवाऱ्यांनी त्याच्याशी काय बोलणं केलं कोण जाणे, पण त्यानंतर आमच्या घरातली कुठलीही पिशवी दोन गाठी मारल्याशिवाय शूटमध्ये गेली नाही. काच असेल तर ती वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी ठेवायची. मला त्याचाही राग यायचा. एवढा समुद्र ओलांडून आणली तरी ही बाई शूटच्या खालीच जाऊन उभी राहिली, असं मला वाटायचं.

मुलगी मात्र खूश होती. बाकीच्या तिघी नुसत्या बसून रेघा ओढणार आणि ही सबंध प्रवेशभर रंगमंचावर. तिच्या लेखी तीच हिरोइन. भांडं मी सिंकखाली लपवून ठेवलं होतं, ते तिने बाहेर काढलं आणि त्यात कोमट कोरा चहा ओतून तालीम सुरू केली. मी म्हटलं, निदान रिकामं घेऊन कर. तर म्हणाली, "इट्स ओन्ली टी, मम्मी. व्हाय यू सो अँग्री, लाह."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून घरी आले, दार उघडं होतं, आणि मी चपला काढता काढता थांबले. आमच्या पांढऱ्या टाइल्सच्या स्वयंपाकघरात माझी आई माझ्या मुलीला भांडं कसं न्यायचं ते शिकवत होती. लांब धरू नकोस, हिंदकळतं. अंगाशी धर. पावलं छोटी टाक. वळताना आधी खांदा वळव, मग हात. दारातून जाताना कोपर आत घे. श्वास नाकाने घेऊ नकोस, तोंडाने घे. मुलगी ते सगळं मन लावून करत होती. चहा किंचितही सांडत नव्हता. आईच्या तोंडावर इतका आनंद होता की गेल्या दोन महिन्यांत मी तिला इतकी खुललेली पाहिली नव्हती. तिला येणारी एक गोष्ट अखेर या घरात कोणाला तरी हवी होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.  आई कमरेत वाकून, एक हात मुलीच्या हाताखाली धरून चालली होती आणि मला तो मागचा बोळ दिसत होता, त्यात माझी मुलगी. मी भांडं हिसकावून घेतलं. चहा टाइल्सवर सांडला.

"त्या हातांनी तिला शिकवू नकोस."

हे मी आईला म्हणाले, मराठीत, मुलीसमोर, आवाज न चढवता. चढवला असता तर निदान राग म्हणून सोडून देता आलं असतं.  आईने आपल्या हातांकडेही बघितलं नाही. फडकं घेतलं, फरशी पुसली, फडकं पिळलं आणि मग बराच वेळ नळाखाली हात धुतले. जेवताना ती भात वाढायला उठली, पुन्हा बसली आणि मला म्हणाली, तूच वाढ. मी माफी मागायला हवी होती. मी वाढलं.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत यायला तयार नव्हती. मुलीने हट्ट धरला म्हणून आली. निळसर सुती साडी, केसांना तेल, गळ्यात धुरासाठी दिलेला मास्क. हॉल माणसांनी भरला होता. बाहेर धूर, म्हणून खिडक्या बंद, एसी जोरात. स्टेजवर पुठ्ठ्याचा जिना, पुठ्ठ्याची चार दारं आणि एका बाजूला संडासाची लाकडी चौकट. आजीआजोबांसाठी पुढची रांग होती. आई तिथे बसली, तिच्या शेजारी मी.

लापशी झाली, टब झाला, गिरणी झाली. मग आमच्या मुली आल्या. तिघी पायऱ्यांवर फतकल मारून बसल्या आणि पांढऱ्या मातीने रांगोळ्या काढायला लागल्या. कमळ, मोर, गोपद्मं. माझी चौथ्या दारातून भांडं घेऊन बाहेर आली, छोट्या पावलांनी, अंगाशी धरून. वळताना आधी खांदा, मग हात. भांडं रिकामं केलं, संडास घासला, जिना पुसत पुसत मोर आणि कमळांच्या कडेने सरकत गेली. रांगोळीला ओला फडका लागू नये म्हणून पुणेकरणीची मुलगी तिला हाताने बाजूला सारत होती. काम संपलं तेव्हा माझ्या मुलीने स्क्रिप्टमध्ये नसलेली गोष्ट केली. आपल्या दाराची पाटी काढली आणि, शिक्षिकांनी वर्गात शिकवली होती तशी, शेजारच्या दाराला अडकवायला गेली.

शेजारचं दार पुणेकरणीच्या मुलीचं. ती पोर उठून उभी राहिली आणि तिने पाटी घ्यायला हातही पुढे केला.

"नको, तू रांगोळी काढ," पुणेकरीण स्टेजच्या कडेवरून म्हणाली, आणि पुढे होऊन तिने ती पाटी माझ्या मुलीच्या हातातून काढून परत तिच्याच दाराला अडकवली.

शिक्षिका पुढे आल्या. त्यांना खरोखरच समजत नव्हतं. त्यांनी हसतमुखाने विचारलं की पाटी त्याच दाराला का. पुणेकरीण इंग्रजीत म्हणाली की आमच्या स्क्रिप्टमध्ये असंच आहे, हिची आई सांडपाण्यातली एक्स्पर्ट आहे. हॉलमध्ये बरीच माणसं हसली. शिक्षिका हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझी पणजी धुतल्याशिवाय पायरीला खडू लावू द्यायची नाही. जिने धुतलं तिनेच काढायचं. धुणारी वेगळी आणि काढणारी वेगळी, असं आमच्या जिन्यावर कधी नव्हतं.

मला वाटलं, आता मी उठावं. पुणेकरणीच्या मागे पुठ्ठ्याच्या पायरीवर त्यांचा तो मोर होता, आणि त्या मोराइतकी घाणेरडी गोष्ट मी माझ्या प्रयोगशाळेत पाहिलेली नाही. पण मी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसून राहिले.

वेळ सावरायला शिक्षिकांनी पुढच्या रांगेकडे मोर्चा वळवला. आजीआजोबांपैकी कोणी असं घर बघितलं आहे का, त्यांनी विचारलं. एका चिनी आजोबांनी सांगितलं की लहानपणी त्यांच्या वस्तीतही बादली होती आणि ती न्यायला माणूस यायचा, पोरं त्याला बघून पळायची. आईने माझ्या मुलीला खुणेने विचारलं, काय चाललंय. मुलीने स्टेजच्या कडेवर उकिडवं बसून तिला मराठीत सांगितलं. आईने माझ्याकडे बघितलं.

"सांगू का?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. ती उठून उभी राहिली. शिक्षिकांनी मला खूण केली की तुम्ही भाषांतर करा. आई कोणालाही ऐकू जाईल अशा, रस्त्यावर काम केलेल्या बाईच्या आवाजात बोलली.

"आमच्या गावात अशी पाटी नव्हती. बारा वर्षं मी लोकांच्या बादल्या उचलल्या, मागच्या बोळातून. कुणाच्या दाराची पाळी कधी आली नाही, रोज माझीच. आणि धुऊन झाल्यावर मला कुणी रांगोळी काढू दिली नाही."

मी उभी राहिले. दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की माझी आई बरीच वर्षं नगरपालिकेत नोकरीला होती आणि तिला तुमचा कार्यक्रम फार आवडला आहे.

टाळ्या वाजायला सुरुवात झाली तेव्हा मला कळलं की मी काय केलं. त्या हॉलमध्ये ज्यांच्यापासून मला हे लपवायचं होतं त्या तिघींना मराठी येत होतं. त्यांनी आईचा शब्द न् शब्द ऐकला होता. मी ते लपवलं ते स्कॉटिश शिक्षिकांपासून, त्या चिनी आजोबांपासून, ज्यांना ऐकून काहीच वाटलं नसतं किंवा बरं वाटलं असतं त्यांच्यापासून. ज्यांच्यासमोर मला लाज वाटत होती त्यांनी मला खोटं बोलतानाही बघितलं. पुणेकरीण माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत चक्क समजूतदारपणा होता. अशा वेळी असंच करायचं असतं, असा.

"नो, मम्मी," माझी मुलगी स्टेजवरून म्हणाली. तिच्या हातात अजून भांडं होतं. "आजी सेड शी कॅरीड द बकेट्स. एव्हरी डे. ट्वेल्व इयर्स. अँड नोबडी लेट हर ड्रॉ."

टाळ्या थांबल्या. शिक्षिका स्टेजवरून खाली आल्या, आईपुढे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी तिचे हात धरले. ते हात. आईला वाटलं त्यांना आधार हवा आहे, म्हणून ती त्यांना खुर्चीकडे न्यायला लागली. मग शिक्षिकांनी पांढऱ्या मातीचा खडा आईला दिला आणि आईने शेवटच्या, मोकळ्या पायरीवर चार ठिपके दिले, ते जोडले आणि खडा परत केला. बास झालं, म्हणाली. पाटी पुणेकरणीच्या मुलीच्या दाराला गेली आणि त्या पोरीने बिचारीने जिना पुसलाही. प्रवेश संपल्यावर तिची आई तिला बाथरूमकडे नेताना मी पाहिली, हात धुवायला. फडकं कोरं होतं आणि बादलीत नळाचं पाणी होतं.

घरी जाताना एलआरटीच्या छोट्या गाडीत गर्दी नव्हती. आई खिडकीपाशी, मुलगी मधे, मी कडेला. धुरात इमारती फिकट दिसत होत्या. दोन स्टेशनं गेल्यावर मुलीने विचारलं.

"मम्मी, व्हाय यू सेड राँग?"

मी उत्तर जुळवायला लागले. भाषांतर नेहमी शब्दाला शब्द नसतं, असलं काहीतरी माझ्या तोंडात आलं होतं. मराठी न येणाऱ्याला ते पटलंही असतं. पण माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आत आई वळली.

"तिला नीट ऐकू आलं नाही गं," आई नातीला म्हणाली. "किती आवाज होता तिथं."

तिथे काही आवाज नव्हता. हॉल चिडीचूप होता, आणि हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. मुलीने एकदा आजीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ओके म्हणाली. आई पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. जन्मभर तिने परक्या दारांचं उचललं, आणि त्या दिवशी, आदल्या संध्याकाळी मी जे बोलले होते त्यानंतरही, माझं उचललं. मी ते तिला उचलू दिलं.